मागच्या डाव्या चाकाची नळी

१

डॉक्टरांनी ब्रेक दाबला तेव्हा पेडल सरळ तळाला जाऊन टेकलं. गाडी शेडमधून निघून फाटकापर्यंत जेमतेम पन्नास पावलं चालली होती, एखादा पोट सुटलेला माणूसही तिच्या पुढे निघून गेला असता. पण पन्नास वर्षांपूर्वी शर्यतीत पळण्यासाठी बांधलेलं ते लोखंड. वजनाला काही कमी नव्हतं. तिचं लाल नाक फाटकाच्या खांबावर आपटलं आणि डॉक्टरांचा ओठ स्टिअरिंगवर फाटला. दातांच्या डॉक्टरचाच पुढचा दात हलायला लागला. अशा वेळी हसणं पाप असतं हे माहीत असूनही काकूंना क्षणभर हसू आलं.

काकू म्हणजे मास्तरांची बायको. वर्कशॉप मास्तरांचं, पण पार्टांचं कपाट, किल्ल्या आणि आल्यागेल्याशी बोलणं काकूंकडे. सोमवारी सकाळी त्या कपाटापाशीच उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी वर्कशॉपातली शिकाऊ मुलगी उभी होती. गाडीचे सगळे ब्रेक तिनेच नव्याने केले होते. मुलीच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

मास्तर धावत गेले, डॉक्टरांना बाहेर काढलं, रुमाल दिला आणि गाडीखाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते कपडे झटकत, कुणाकडे न बघता.

"मागच्या डाव्या चाकाच्या नळीचा नट," ते म्हणाले. "सगळं ऑइल तिथून गेलंय."

पेडलचा दाब ऑइलमधून चाकांपर्यंत जातो, आणि जुन्या गाडीच्या चारही चाकांच्या नळ्या एकाच रांगेत जोडलेल्या. एक सांधा गळला की चारही चाकं मोकळी.

"आणि खूण?" डॉक्टरांनी रुमालातून विचारलं. मुलीची पद्धत एव्हाना सगळ्यांना ठाऊक होती. नट पुरता आवळला की ती त्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. रेघ आहे म्हणजे नट आवळलेला आहे.

मास्तरांनी फडक्याला हात पुसले. "खूण नाहीये."

डॉक्टरांनी मग जे सांगितलं ते शांतपणे सांगितलं, म्हणून जास्त लागलं. मुलीची सहा महिन्यांची उमेदवारी बुधवारी संपत होती. मास्तरांच्या सहीचं पत्र मिळालं की तिला स्वतःच्या जबाबदारीवर ब्रेकचं काम करायचा परवाना मिळणार होता. त्या पत्रात आजचा प्रकार लिहा, डॉक्टर म्हणाले, म्हणजे हिच्या हातून पुढे कुणी मरणार नाही. आणि बुधवारपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही.

असं पत्र म्हणजे परवाना गेलाच, आणि हातातली कलाही गेली. मुलीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "बुधवारी बघू."

काकूंच्या कानाला खटकलं ते एवढंच. पाना हातातून पडला तरी छप्पर डोक्यावर घेणारा हा माणूस आज त्या मुलीवर ओरडला नव्हता. एक अक्षरही बोलला नव्हता.

२

खरं सांगायचं तर ही मुलगी काकूंच्या डोळ्यात सहा महिने खुपत होती.

सगळे तिला इंजिनियर म्हणत. काकू मनात तिला नुसतं 'ती' म्हणत आणि त्या एका अक्षरात त्यांना जे म्हणायचं असे ते सगळं मावत असे. ती दिसायला चांगली होती असंही नाही. केस कापलेले, नखांत काळं, चालणं पोस्टमनसारखं. पण मास्तर तिच्याशी बोलायचे. घरी ज्यांच्या तोंडून 'मीठ कमी आहे' याखेरीज वाक्य निघत नसे, ते तिच्याशी तासन्‌तास नळ्यांबद्दल बोलायचे.

आणि दुसरी गोष्ट याहून वाईट होती. ब्रेकची नळी बदलली की आतली हवा काढावी लागते, नाहीतर ब्रेक लागत नाही. एकाने गाडीत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बारीक स्क्रू उघडून हवा सोडायची. सव्वीस वर्षं ते पेडल काकूंनी दाबलं होतं. खालून मास्तरांचा आवाज यायचा, दाब, धर, सोड. त्यांच्या संसारातलं सगळ्यात लांब संभाषण ते. इंजिनियर आली आणि त्या सीटवर ती बसायला लागली.

त्यामुळे सोमवारी दुपारी काकूंनी तपास हातात घेतला तो न्यायासाठी वगैरे नव्हे. मास्तर हिला पाठीशी घालणार हे त्यांना दिसत होतं. तिची चूक अशी पक्की करून ठेवायची की घालायला पाठच उरू नये, असा त्यांचा बेत होता.

त्यांनी मुलीला कपाटापाशी बोलावलं, स्टूल दिलं आणि गोड आवाजात सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. गोड आवाज काकू फार क्वचित काढत. मुलगी सावध झाली.

तिने सांगितलं ते असं. गंजलेल्या सगळ्या लोखंडी नळ्या तिने काढून टाकल्या आणि तांबं-निकेलच्या नव्या नळ्या घातल्या. रबराचे होज, म्हणजे लवचिक नळ्या, काढून स्टीलच्या जाळीचे बसवले, कारण ब्रेक जोरात दाबला की रबर फुगतं आणि पेडल भुसभुशीत लागतं. मागे जुने ड्रम होते, तिथे डिस्क आणि तिला चिमट्यासारखे धरणारे कॅलिपर आले. प्रत्येक सांधा आवळला, प्रत्येकावर रेघ ओढली, शनिवारी संध्याकाळी मास्तरांना पेडलवर बसवून हवा काढली आणि गाडीची किल्ली काकूंच्या हातात दिली.

"मग त्या नटावर रेघ का नाही?"

"ऑइल गळलं ना काकू. ब्रेक ऑइल रंग खातं. भिजलेल्या नटावर रेघ राहणारच नाही. सरांना हे माहीत आहे."

"माहीत आहे तर बोलले का नाहीत?"

मुलगी बोटाच्या पेरावरचं काळं खरवडत राहिली. "ते त्यांना विचारा," ती म्हणाली. आणि त्या उत्तरात काहीतरी गिळलेलं होतं, ते काकूंना बरोबर ऐकू आलं.

३

शनिवारी गाडीपाशी आणखी एक माणूस आला होता. डॉक्टरांचा थोरला भाऊ.

गाडी त्यांच्या वडिलांची. जाताना त्यांनी ती धाकट्याला दिली. थोरल्याच्या मनात ते किती वर्षं सलत होतं हे वर्कशॉपात सगळ्यांना माहीत होतं, कारण तो दर वेळी स्वतःच सांगायचा. काकू मंगळवारी सकाळी त्याच्या चष्म्याच्या दुकानात गेल्या. चष्म्याची काडी ढिली झालीय, हे निमित्त.

काडी आवळता आवळता थोरल्याने आपणहून विषय काढला. भावाचा ओठ फाटल्याचं त्याला वाईट वाटत होतं, पण फार नाही. शनिवारी आपण गेलो होतो, हे त्याने लपवलं नाही. काकू शटर ओढायच्या बेतात होत्या तेव्हा तो आला होता आणि दोन मिनिटं गाडीत बसू द्या म्हणाला होता. काकूंनी बसू दिलं होतं. तेव्हाही त्यांना ते विचित्र वाटलं होतं.

"एकटाच होतो मी," थोरला म्हणाला. "तुम्हाला तेच विचारायचंय ना? बाबांनी मला कधी त्या सीटवर बसू दिलं नाही. गाडी धाकट्याला दिली, मला त्यांचा स्वभाव दिला. तर बसलो. लहान पोरासारखं स्टिअरिंग फिरवलं. ब्रेक दाबून पाहिला."

"कसा होता?"

"दगड. पायाखाली दगड ठेवावा तसा. चांगला तीन-चारदा दाबला, राग होता ना."

काकूंनी चष्मा घातला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. ज्याने ब्रेक बिघडवला तो माणूस 'ब्रेक उत्तम होता' असं कशाला सांगेल? त्याने तर भुसभुशीत होता म्हणून सगळं त्या मुलीवर ढकलून दिलं असतं. मत्सर थोरल्याच्या पोटात होता खरा, पण तो सगळा तोंडावाटे बाहेर पडत होता. असा मत्सर हातापर्यंत पोचत नाही. हे काकूंना स्वानुभवाने माहीत होतं.

म्हणजे शनिवारी संध्याकाळी काम चोख होतं. सोमवारी सकाळी नव्हतं. मधे रविवार, आणि रविवारी वर्कशॉप बंद.

वर्कशॉपच्या कुलपाला किल्ल्या दोनच. एक काकूंच्या कमरेला. दुसरी मास्तरांच्या खिशात.

आणि रविवारी दुपारी मास्तर केस कापायला म्हणून घरातून गेले होते, ते तीन तासांनी, होते तेवढ्याच केसांनिशी परत आले होते.

४

ही गोष्ट काकूंनी तेव्हाच पाहिली होती. विचारली नव्हती. काही प्रश्न असे असतात की उत्तर येईपर्यंत संसार शाबूत असतो.

मंगळवारी दुपारी मास्तर जेवायला घरी गेले तेव्हा काकूंनी पदर खोचला, पाठीखाली पुठ्ठा घेतला आणि बॅटरी तोंडात धरून गाडीखाली शिरल्या. बुधवारपर्यंत हात लावायचा नव्हता. डोळे लावायला कुणी बंदी घातली नव्हती.

डावीकडचा नट ऑइलने चकचकीत. रेघ नाही. इथवर मुलीचं म्हणणं बरोबर. मग काकूंनी त्याच तुकड्याचं दुसरं टोक शोधलं. हातभर लांबीची ती नळी. एक टोक चाकापाशी कॅलिपरला, दुसरं वर मधल्या सांध्याला. वरचा नट कोरडा ठणठणीत होता. ऑइलचा थेंबही तिथे पोचला नव्हता. आणि त्याच्यावरही रेघ नव्हती.

त्यांनी बाकीचे नट एकेक करून पाहिले. सगळ्यांवर पिवळी रेघ, सरळ, मुलीच्या भांगासारखी. फक्त या एका तुकड्याची दोन्ही टोकं कोरी. विसरणारा माणूस एखादा नट विसरतो. एकाच नळीची दोन्ही टोकं नेमकी विसरत नाही. म्हणजे हा तुकडा शनिवारनंतर बदलला होता.

नटाचे कोपरेही सोललेले होते. मुलगी नटाला सहापैकी पाच बाजूंनी कवेत घेणारा पाना वापरायची, त्याने कोपरे जात नाहीत. हा नट साध्या दोन जबड्यांच्या पान्याने, गळतोय म्हणून पुन्हा पुन्हा, अंगातला सगळा जोर लावून आवळलेला होता.

काकू तशाच पडून राहिल्या, छातीवर बॅटरी घेऊन. कारण पुढचा विचार आपल्या पायांनी चालत येत होता. नळी बदलली म्हणजे हवा काढावी लागली असणार. हवा काढायला दोन माणसं लागतात. एक चाकापाशी, एक पेडलवर.

मास्तर रविवारी इथे होते. मग पेडलवर कोण होतं?

५

जेवण कुणाला सुचतंय. काकूंनी वर्कशॉप पालथं घातलं. एखादा रुमाल, केसाची पिन, दोन कप. पिन सापडणार नव्हती, मुलीला पिन लावण्याइतके केसच नव्हते, हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

भंगाराच्या पिंपात, तुटलेल्या बेल्टांच्या खाली, त्यांना एक बाटली सापडली. मधाची. झाकणाला भोक, भोकातून बारीक प्लास्टिकची नळी, तळाशी बोटभर ब्रेक ऑइल. ही बाटली त्यांच्याच स्वयंपाकघरातली होती. सोमवारी सकाळी त्यांनी ती मोहऱ्या भरायला शोधली होती आणि मिळाली नव्हती.

काकू पिंपाच्या काठावर टेकल्या. अशी बाटली लावून, हवा परत आत ओढली जाऊ नये म्हणून नळीचं तोंड ऑइलात बुडवून, एकटा माणूसही हवा काढू शकतो. वेळ लागतो. तीन तास लागतात. ही जुनी, गरिबीतली युक्ती. लग्नाआधी, कुणी पेडल दाबणारं नव्हतं तेव्हा, मास्तर हेच करायचे.

तर दुसरं कुणी नव्हतं.

किती हलकं वाटावं. वाटलंही, दोन श्वास. मग त्या पुन्हा गाडीखाली गेल्या, आणि या वेळी नटाकडे न बघता नुसती नळी पाहिली. मुलीच्या नळ्यांचे बाक यंत्रावर काढलेले, सगळे एकसारखे. हा बाक अंगठ्यावर वळवलेला होता. नटाच्या आधी थोडी ढील, मग अलगद वळण. नवऱ्याचं अक्षर ओळखावं तसा काकूंनी तो ओळखला.

मास्तर जेवून आले तेव्हा काकू पाना घेऊन बसल्या होत्या. बंदी मोडून त्यांनी ती नळी सोडवली होती आणि उजव्या चाकाचीही. दोन्ही कामाच्या बाकड्यावर शेजारी शेजारी ठेवलेल्या. मुलगी दारात उभी होती. काकूंनीच तिला थांबवलं होतं.

"ही तिची," काकू म्हणाल्या. "तोंड बघा, गोल, बटणासारखं. नव्या कॅलिपरच्या खोबणीत हेच बसतं. आणि ही दुसरी. हिचं तोंड आत दुमडलेलं, साडीच्या काठासारखं. जुन्या ड्रमला हेच लागायचं. चाळीस वर्षं ज्याचा हात ड्रमवर बसलाय तोच माणूस न बघता अशी दुमड घालेल. गोल खोबणीत ती दुमड आवळून रात्रभर टिकेल, जास्त नाही. कोण तो, मी सांगू का तुम्ही सांगता?"

मास्तर स्टुलावर बसले. मांडीवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

मग त्यांनी सांगितलं. शनिवारी डॉक्टरांनी खाली वाकून नळ्यांचे फोटो काढले होते. म्हणाले होते, मास्तर, इतकं सुबक काम तुमच्या हातून कधी पाहिलं नाही. चेष्टेतच. मास्तरही हसले होते. रात्रभर त्यांना झोप नव्हती. रविवारी नुसतं बघायला म्हणून आले आणि बघताना असं वाटलं की या अख्ख्या गाडीत आपला एकही सांधा नाही. एक तरी असावा. शेवटचा, लपलेला, कुणाला न दिसणारा. तिची नळी कापून टाकली आणि आपली घातली. पेडल दाबून पाहिलं, दगड होतं.

"मत्सर हो," ते म्हणाले. "दुसरं काय. या वयात."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. पण काकूंना राग आला तो त्याचा नव्हता. नळी चुकणं समजू शकतं. सोमवारी गाडीखालून ते आपली नळी बघूनच बाहेर आले होते आणि म्हणाले होते, खूण नाहीये.

काकू मुलीकडे वळल्या. "तुला केव्हा कळलं?"

"सोमवारीच. सर बाहेर आल्यावर मी वाकून पाहिलं होतं. अंगठ्याचा बाक होता."

"आणि मूग गिळून बसलीस? पत्र जात होतं तुझं."

मुलगी मास्तरांकडे बघत म्हणाली, "मला वाटलं सर बोलतील. बुधवारपर्यंत वाट बघायची ठरवली होती."

मास्तरांनी मान खाली घातली.

६

बुधवारी डॉक्टर ओठाला टाके घालून आले, थोरल्या भावासकट. काकूंनी काही बोलायचं नाही असं ठरलं होतं. ठरवलं होतं काकूंनीच. मास्तरांनी उभं राहून, दोन्ही नळ्या हातात धरून, सगळं सांगितलं. कापून टाकलेली नळीही सांगितली, सोमवारचं गप्प बसणंही सांगितलं. मधे दोनदा अडखळले. थोरला भाऊ खिडकीबाहेर बघत होता. कुणाची तरी फारच ओळखीची गोष्ट ऐकत असल्यासारखा.

डॉक्टरांनी दोन्ही नळ्या हातात घेऊन पाहिल्या. मग विचारलं, आता ही गाडी कोण करणार.

"ती करील," मास्तर म्हणाले. "मी हात लावणार नाही."

"मी तिला विचारतोय."

मुलगी म्हणाली, करीन. पण आधी पत्र.

पत्र मास्तरांनी सांगितलं आणि काकूंनी लिहिलं. पहिला खर्डा फार गोड झाला, तो मुलीनेच परत दिला. कौतुक नको होतं तिला. सगळे सांधे मी केले आणि सगळे टिकले, एवढंच लिहा, म्हणाली. दुसऱ्यात तेवढंच होतं, खाली सही. तिने वाचलं, घडी घातली, पिशवीत ठेवलं.

काकू तिच्यामागून कपाटापर्यंत गेल्या. "दुसरीकडे जाशील आता."

"तुम्हाला तेच हवं होतं ना?"

"हवं होतं," काकू म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. तुझीच चूक निघावी म्हणून शोधायला लागले मी."

मुलगी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसली. अर्धवटच. "माहीत होतं. तुम्ही स्टूल दिलंत तेव्हाच."

"आणि आता?"

"गाडी पुरी करते. मग ठरवते."

दुपारी ती बाकड्यापाशी नव्या नळीचं माप घेत होती. मास्तर चार पावलांवर हात पाठीमागे बांधून उभे होते, मिठाईच्या दुकानाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे. तिने वर न बघता विचारलं, "सर, नुसत्या अंगठ्यावर वळवता, तरी तुमची नळी चपटी होत नाही. कशी?"

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं.

"दाखवा की," काकू म्हणाल्या. "विचारतेय ती."

मास्तरांनी हात सोडवले. आधी नुसती नळी हातात फिरवली, मग अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं, मग बोलायला लागले, आणि मुलगी मान हलवत ऐकायला लागली. काकू कपाटापाशी बसून बघत होत्या. सव्वीस वर्षांत आपण हे एकदाही का विचारलं नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि पुन्हा तेच जुनं, ओळखीचं काहीतरी सललं. थोडा वेळ त्यांनी ते सलू दिलं. मग उठल्या, हात पुसले आणि दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"पुन्हा पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या. "आणि जरा सरका, मला दिसत नाहीये."